पाच दिवसांचे ध्यानशिबिर, एक चक्कर आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल

पुण्याहून साधारण तीन तासांच्या अंतरावर, डोंगरात असलेल्या एका ध्यानकेंद्रात गेल्या माघात मी पाच दिवसांचे निवासी शिबिर केले. केंद्राचे नाव मी देत नाही. तेथे ज्या चुका झाल्या त्या इतरत्रही होत असाव्यात असा माझा कयास आहे, आणि नाव छापले की वाचणारा त्या केंद्राविषयीच बोलत बसतो, चूक बाजूला राहते. माझे वय ६१. एकतीस वर्षे मी औषधांचे दुकान चालवले. गिऱ्हाइके मला डॉक्टर म्हणत, मी सुरुवातीला नको म्हणत असे, पुढे नको म्हणणेही सोडून दिले. दुकान मुलाकडे सोपवल्यावर रिकाम्या वेळाचे काय करावे हा प्रश्न होता आणि एका जुन्या मित्राच्या आग्रहावरून या शिबिराला नाव दिले.

शुल्क ७,५०० रुपये, एका खोलीत दोघे, मोबाइल पहिल्याच दिवशी कार्यालयात जमा. खोल्या साध्या पण स्वच्छ आहेत आणि सौर बंबाचे पाणी पहाटे कोमट मिळते, कडकडीत मिळत नाही. जेवणाविषयी तक्रार करायला जागा नाही: ज्वारीची भाकरी, मुगाची खिचडी, दुधीची किंवा लाल भोपळ्याची भाजी, ताक, आणि एके दिवशी इतकी उत्तम कढी की मौन असतानाही पंगतीत वाट्या पुन्हा पुढे सरकत होत्या. सभागृह उंच छपराचे, फरशी थंडगार, आणि प्रत्येकाला कापसाची जाड गादी व वर घ्यायला घोंगडी. एवढे सगळे नीट असताना नावनोंदणीचा अर्ज मात्र एक पानी आणि उथळ होता. त्यात ध्यानाचा पूर्वानुभव विचारला होता, शिबिराकडून अपेक्षा लिहायला पाच ओळी होत्या, रक्तगट होता, आणि ‘काही आजार आहे का’ यापुढे हो आणि नाही असे दोन चौकोन होते. चालू औषधांसाठी रकाना नव्हता. माझा रक्तदाब आठ वर्षांपासून गोळीने आटोक्यात असल्यामुळे मी ‘नाही’वर खूण केली. तीन दशके लोकांना ‘गोळी चालू आहे म्हणजे आजार आहे’ असे बजावणाऱ्या माणसाने हे केले, तेव्हा पुढच्या प्रकारात थोडा दोष माझ्याकडेही जमा करावा लागेल.

दिनक्रम असा: पावणेपाचला घंटा, सव्वापाच ते सात प्राणायाम आणि ध्यान, साडेसातला न्याहारी, सकाळी नऊ ते साडेअकरा पुन्हा बैठक, बाराला जेवण, दोन वाजता योगनिद्रा, साडेतीन ते पाच तिसरी बैठक, सहाला हलके जेवण, साडेसात वाजता शंकासमाधान आणि साडेनऊला दिवे बंद. म्हणजे संध्याकाळच्या सहापासून दुसऱ्या दिवशीच्या साडेसातपर्यंत पोट रिकामे. पहाटेच्या बैठकीतून उठावे लागू नये म्हणून बहुतेक जण रात्री पाणीही बेतानेच पितात. मीही तेच केले. घरी माझी गोळी सकाळी साडेसहाला चहाबरोबर आणि पाठोपाठ नाश्ता अशी सवय. येथे ती पावणेपाचला, कोरड्या घोटाने, पोटात काही नसताना घेतली गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बैठक संपली, घंटेचा नाद विरला, आणि मी इतरांबरोबर उठून उभा राहिलो. दोन पावले टाकली असतील. आधी आवाज लांब गेले, जणू कोणी कानांवर उशी दाबून धरली आहे. मग डोळ्यांपुढे काळे-पिवळे ठिपके दाटून आले. आणि गुडघे आपले नाहीतच असे वाटू लागले. जवळच्या खांबाला हात लागला म्हणून पडलो नाही. खांबाचा गार चुना तळहाताला लागल्याचे मला अजून आठवते, कारण त्या क्षणी तेवढीच एक गोष्ट जागेवर होती. सकाळचे सत्र घेणारा शिक्षक तरुण, तिशीच्या आतला, मनाने चांगला मुलगा आहे. तो धावत आला, मला टेकवून बसवले आणि हसऱ्या चेहऱ्याने म्हणाला, “काका, घाबरू नका. ऊर्जा वर सरकते आहे. प्रतिकार करू नका, होऊ द्या.”

हे ऐकून मला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या माणसाने काउंटरवर उभे राहून शेकडो म्हाताऱ्यांना ‘उठताना आधी कडेवर वळा, पलंगाच्या काठावर दोन मिनिटे बसा, मग उभे राहा’ असे सांगितले, त्याला स्वतःवर वेळ आली तेव्हा ऊर्जेचे स्पष्टीकरण पटले, नव्हे, आवडले. आपल्याकडे ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय ऐकत लहानाचे मोठे झालेल्या माणसाच्या मनात कुंडलिनीचे चित्र कायमचे बसलेले असते, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्यालाही ‘ते’ घडू लागले या कल्पनेत एक गोड अहंकार आहे. त्या अध्यायात कुंडलिनी जागी होण्याआधी आसन आणि मूळबंध, जालंधर, उड्डियान या बंधांचे सविस्तर वर्णन येते, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. त्या दिवशी दुपारपर्यंत मी पंगतीत जरा ताठ बसलो होतो.

संध्याकाळच्या शंकासमाधानाला केंद्राच्या मुख्य मार्गदर्शक येतात. त्या संस्कृतच्या निवृत्त प्राध्यापिका आहेत आणि लहानथोर सगळे त्यांना बाई म्हणतात. या शिबिराला मी जे काही गुण देणार आहे त्यांतले निम्मे त्यांचे आहेत. मी माझा अनुभव, खरे सांगायचे तर थोडा सजवून, सांगितला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “काल रात्रीपासून पाणी किती प्यायलात? आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत?” मी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनची जोडगोळी असल्याचे सांगितले, आणि सांगता सांगताच माझ्या लक्षात आले की यातली दुसरी लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढणारी आहे. सभागृहातल्या कोणापेक्षाही हे मला आधी सुचायला हवे होते. बाई म्हणाल्या, “ऊर्जेचं नंतर बघू. आधी बीपी बघू.”

बीपी मोजायचे यंत्र कार्यालयात होते, पण चालत नव्हते. त्याला चार सेल लागतात. आत तीनच होते. चौथा कोणी तरी काढून सभागृहातल्या भिंतीवरच्या घड्याळात घातला होता. तेव्हा स्टूल आणून घड्याळ उतरवले, सेल काढला आणि यंत्र सुरू झाले. घड्याळ आठला दहा कमी असताना थांबले, आणि पुढे दोन दिवस आमच्या सगळ्या बैठका आठला दहा कमी असतानाच सुरू होऊन त्याच वेळी संपत राहिल्या. ध्यानासाठी ही सोय वाईट नव्हती, असे माझे मत आहे. पण एका वेळी चाळीस माणसे उतरतात, त्यांतली निम्मी पन्नाशीच्या पुढची असतात, अशा ठिकाणी रक्तदाबाचे यंत्र तीन सेलांवर पडून असावे, हे मात्र मला क्षम्य वाटत नाही.

त्या रात्रीचे आकडे सरळ आले: पडून १३२/८०, उभे राहून १२४/७८. बाईंनी आग्रह धरला की जेव्हा चक्कर आली त्याच वेळी मोजा. तिसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता, गोळी घेण्याआधी, पाच मिनिटे आडवे पडून मोजले तेव्हा १२६/७६ होते, आणि उभे राहून एका मिनिटाने १००/६६. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर वैद्यकशास्त्र त्याला उभे राहिल्याने होणारी रक्तदाबातली घट म्हणून नोंदवते. माझा वरचा आकडा २६ ने उतरला होता. कारण साधे आहे: माणूस उभा राहिला की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. एरवी शरीर क्षणार्धात शिरा आवळते, हृदय थोडे जलद चालवते आणि मेंदूचा पुरवठा टिकवते. तासभर निश्चल मांडी घालून बसल्यावर पोटऱ्यांचे स्नायू निजलेले असतात, रात्रभरात पाणी कमी झालेले असते, वर गोळी ही भरपाई मंदावत असते, आणि वय झाले की ती तशीही आळसावलेली असते. पहाटेची वेळ यासाठी सगळ्यांत वाईट. कार्यालयातल्या दूरध्वनीवरून मी माझ्या डॉक्टरांशी बोललो. त्यांनी पाणी वाढवायला, गोळी न्याहारीनंतर घ्यायला आणि टप्प्याटप्प्याने उठायला सांगितले, पुन्हा तसेच झाले तर शिबिर सोडून या असे बजावले, आणि परत आल्यावर जोडगोळीतली एक काढून टाकली. गोळी स्वतःच्या मनाने बंद करण्याचा मोह अशा वेळी होतो. दुकानात असताना असे करून अंगाशी आलेले लोक मी पाहिले आहेत, म्हणून तो टाळला.

तिसऱ्या दिवसापासून मी उठण्याची रीत बदलली. घंटा झाली की आधी पाय लांब करायचे, पावले पुढेमागे वाकवायची, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळायच्या, मग गुडघ्यांवर यायचे, तेथे थोडे थांबायचे आणि मगच उभे राहायचे. दीड मिनिटाचा हा खटाटोप आहे. चक्कर पुन्हा आली नाही. ऊर्जा खाली उतरली की काय ते त्या मुलाला विचारायला मी धजलो नाही.

त्याच्यावर अन्याय नको म्हणून सांगतो की त्याचे म्हणणे अगदी निराधार नव्हते. पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत कनिष्ठ प्राणायामात घाम येतो आणि मध्यम प्रकारात कंप सुटतो असे म्हटले आहे, आणि ते त्याला तोंडपाठ होते. बाईंनी त्याला सगळ्यांसमोर टोकले नाही. त्या एवढेच म्हणाल्या की त्याच प्रकरणात पुढे चार श्लोकांवर चुकीच्या अभ्यासाने रोग उपजतात असे आहे आणि उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे दुखणे अशी यादीही आहे; सिंह किंवा हत्ती माणसाळवावा तसा प्राण हळूहळू वश करावा, असे तो ग्रंथ सांगतो. मग त्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांतले, पहिल्या पादातले ३१ वे सूत्र सांगितले. चित्ताच्या विक्षेपाबरोबर जे सोबती येतात त्यांत दुःख, दौर्मनस्य, श्वास आणि प्रश्वास यांच्या जोडीला अंगमेजयत्व, म्हणजे अंग थरथरणे, मोजले आहे. बाईंच्या शब्दांत, “थरथर ही पतंजलींच्या लेखी पदवी नाही, अडथळ्याची पाठराखीण आहे.” हे वाक्य ऐकून आमच्या बॅचमधल्या दोन-तीन जणांचे चेहरे उतरले. बहुधा माझाही.

भस्त्रिकेचे, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास घेण्या-सोडण्याच्या प्राणायामाचे, प्रकरण मात्र मला अधिक गंभीर वाटते. दुसऱ्या दिवशीच सकाळच्या सत्रात तिच्या तीन फेऱ्या झाल्या आणि वेग नव्यांना झेपेल असा नव्हता. माझ्या उजवीकडे पंचविशीतली एक मुलगी होती. दुसऱ्या फेरीत तिच्या बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिरपणा आला, मग दोन्ही हातांची बोटे आत वळून चोचीसारखी आवळली गेली आणि ती रडू लागली. एका सहायिकेने तिच्या खांद्यावर शाल टाकली, शेजारी बसून तिला हळूहळू श्वास सोडायला लावले, आणि पाच-सात मिनिटांत बोटे सुटली. हे काम तिने उत्तम केले. पुढे न्याहारीच्या वेळी मौन असूनही कुजबुज पसरली की तिचा जुना मानसिक साठा मोकळा झाला. असेल, माझी ना नाही. पण गरजेपेक्षा जलद आणि खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात व डोके हलके होते, आणि रक्तातले मोकळे कॅल्शियम कमी झाल्याने नसा चाळवून बोटे वळतात. ही साखळी कोणाच्याही शरीरात, कोणताही मानसिक साठा नसताना, घडवून आणता येते. म्हणून नव्या माणसाला हे बैठकीच्या आधी सांगितलेच पाहिजे, आणि येथे ते सांगितले गेले नव्हते. ज्या राज्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजायला सुरुवात केली, तेथे एवढी अपेक्षा जास्त होऊ नये.

काही तक्रारी चहाच्या होत्या. केंद्रात चहा-कॉफी नाही, गवती चहाचा काढा मिळतो. रोज चार-पाच कप पिणाऱ्याने चहा एकदम सोडला की बारा ते चोवीस तासांत डोके जड होते, आणि दुसरा दिवस सगळ्यांत वाईट जातो. त्या दिवशी संध्याकाळी पाच जणांनी कपाळाच्या मध्यभागी दाब जाणवत असल्याचे सांगितले आणि त्यातल्या दोघांनी आज्ञाचक्राचा, म्हणजे योगात भुवयांच्या मध्ये मानलेल्या चक्राचा, उल्लेख केला. बाईंनी घरी किती कप पिता ते विचारले, तेव्हा सभागृहात जे हसू पिकले ते शिबिरातले सर्वांत मोकळे हसू होते. शिबिराच्या आधी आठवडाभर रोज एकेक कप कमी करत यावे, अशी सूचना पत्रकात असायला हवी.

माझे खोलीतले सोबती एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर होते. उभ्या आयुष्यात बसायला मिळाले नाही, आता पाच दिवस बसून घेतो, असे ते पहिल्या रात्री म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डावा पाय उजव्याखाली घट्ट दाबून, हलायचे नाही अशा जिद्दीने, पूर्ण अडीच तासांची बैठक काढली. उठले तेव्हा मुंग्या येऊन गेल्यावरही पाऊल वर उचलेना. चपलेचा अंगठा पायातून निसटत होता आणि पाऊल फरशीवर फटक फटक आपटत होते. “डॉक्टर, हे काय झालं हो?” असे त्यांनी मौन मोडून विचारले तेव्हा त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच भीती होती. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खाली, जे हाडाचे टेंगूळ हाताला लागते त्याला वळसा घालून एक नस जाते, आणि ती कातडीच्या इतकी जवळ असते की जास्त वेळ दाबली गेली तर पाऊल उचलणारे स्नायू संपावर जातात. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात १९७१ साली योगासनात बसण्यामुळे पाऊल लुळे पडण्याच्या अशा तक्रारीची नोंद झालेली आहे. त्यांचे पाऊल संध्याकाळपर्यंत ताळ्यावर आले. तसे आले नसते तर मज्जातंतूंच्या तज्ज्ञाकडे जावे लागले असते.

यावर उपाय खुर्ची आहे, आणि खुर्च्यांबाबत केंद्राचे धोरण मला अजिबात पटले नाही. चाळीस जणांसाठी प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या, त्याही सभागृहाच्या पार मागे, चपलांच्या मांडणीजवळ. कोणी मना करत नाही, पण ज्याला खुर्ची हवी त्याला सगळ्यांच्या पाठीमागे चपलांच्या वासात बसावे लागते, आणि आपल्या माणसांना एवढा इशारा पुरतो. कंडक्टरसाहेब शेवटपर्यंत खुर्चीवर बसले नाहीत.

चक्कर या एका शब्दाखाली आपण किती वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो, ते योगनिद्रेच्या वेळी दिसले. साठीच्या एका बाईंना उताणे पडून उजव्या कुशीवर वळले की सारे सभागृह गरगर फिरत असे. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते थांबे आणि मळमळ मागे राही. डोळ्यांपुढे अंधारी येणे वेगळे आणि खोली फिरणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराचे मूळ बहुतेक वेळा आतल्या कानात असते: तेथले चुन्याचे बारीक कण आपली जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात आणि डोके ठरावीक बाजूला कलले की खोटी फिरकी जाणवते. कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके क्रमाक्रमाने वळवून ते कण पुन्हा जागी आणू शकतात. यात ध्यानाचा काहीच दोष नव्हता. ध्यानशिबिरात त्या आडव्या पडल्या, एवढाच संबंध.

आता ज्या संवेदनांना आजार म्हणता येणार नाही त्यांच्याविषयी. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, मांडीवर एकात एक ठेवलेल्या माझ्या हातांची सीमा पुसली गेली. आधी डावा कोणता आणि उजवा कोणता ते कळेनासे झाले, मग दोन्ही मिळून परातीएवढे मोठे आणि ऊबदार असे काही तरी मांडीवर ठेवले आहे असे वाटू लागले, आणि नंतर तेही विरघळून मांडीच्या जागी नुसती ऊब राहिली. मी डोळे उघडले तर हात होते तेथेच होते, नखे वाढलेली. पुन्हा डोळे मिटले तर परात परत आली. शेजारच्याला आपण लंबकासारखे झुलत आहोत असे वाटे आणि तो तसूभरही हलत नसे. कोणाला टाळूवर मुंग्या फिरल्यासारखे होई. डुलकीच्या उंबरठ्यावर एकाला जांभळा उजेड दिसला आणि त्याच्या अंगाला खाडकन झटका बसला, जो आपल्याला घरी झोप लागतानाही बसतो. शरीर कोठे आहे हे मेंदू डोळे, आतला कान आणि स्नायू-सांधे या तीन वाटांनी सतत ताडून पाहत असतो. डोळे मिटले, हालचाल थांबली, की दोन वाटांवरून बातमी येणे जवळपास बंद होते आणि मेंदू उरलेल्या धाग्यांवर आपल्या अंदाजाने चित्र विणतो. त्या चित्रात हात परातीएवढे होणे अवघड नाही.

स्पष्टीकरण माहीत असूनही त्या अर्ध्या तासाचे सुख कमी झाले नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. अनेक वर्षांत माझे मन इतका वेळ एका जागी राहिले नव्हते. संध्याकाळी बाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “छान झालं. आता ते उद्या परत यावं म्हणून वाट बघू नका.” दुसऱ्या दिवशी मी अर्थातच वाट पाहिली, आणि ते आले नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी जपानमधल्या हाकुइन या झेन आचार्यांची हकीकत सांगितली. १६८६ ते १७६९ हा त्यांचा काळ. तरुणपणी अतिसाधनेने त्यांचे डोके तापले, पाय बर्फासारखे गार पडले आणि कानांत ओढ्याचा आवाज घुमू लागला. क्योटोजवळच्या डोंगरात राहणाऱ्या एका वृद्ध एकांतवाशाने आपल्याला उपाय सांगितला, असे त्यांनी लिहून ठेवले आहे: डोक्यावर मऊ लोण्याचा एक सुगंधी गोळा ठेवला आहे, तो वितळून खांद्यांवरून, छातीवरून, पोटातून पायांच्या तळव्यांपर्यंत ओघळतो आहे, असे चिंतन करायचे. आमच्याकडून त्यांनी तेच करवून घेतले. लोणी हा शब्द ऐकताच मराठी माणसाला जे सुचायचे ते सुचून हलकी खसखस पिकली, पण पंधरा मिनिटांनी माझे गार पडलेले तळवे खरोखर कोमट झाले होते. साधनेने बिघाडही होऊ शकतो हे त्या परंपरेने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आणि त्याला नावही दिले, ही गोष्ट मला त्या लोण्यापेक्षाही अधिक दिलासा देऊन गेली.

अलीकडे याचा पद्धतशीर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातले जॅरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली बौद्ध पद्धतीने ध्यान करणाऱ्या पाश्चात्त्य साधकांच्या मुलाखतींवर आधारलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ५९ प्रकारचे अनुभव सात गटांत मांडले, आणि शारीरिक अनुभवांचा एक गट स्वतंत्र आहे. काही अनुभव सुखाचे, काही छळणारे, काही आल्या वाटेने जाणारे आणि काही दीर्घकाळ रेंगाळणारे. झोप उडून दोन-तीन रात्री जाणे, आपण आणि भोवतालचे जग खोटे आहे असे वाटत राहणे, भीतीचे झटके येणे, अशा वेळी ‘अजून थोडे बसा’ हा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. बसणे थांबवावे आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटावे. छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे यांत तर शंकासमाधानाची वाट पाहायचीच नाही. केंद्राकडे जीप आहे आणि रात्री चालक आवारातच असतो, हे मी विचारून खात्री करून घेतले. मोबाइलची रेंज कार्यालयाच्या ओट्यावर उभे राहिले तरच मिळते, म्हणून १०८ ला फोन करायची वेळ आली तर तेथवर चालत जावे लागेल, किंवा दूरध्वनीवर भरवसा ठेवावा लागेल.

जाणाऱ्यांसाठी आणखी थोडे. फाट्यापर्यंत एसटी आहे, तेथून तीन किलोमीटर चढ आहे, आणि आधी कळवले तर जीप न्यायला येते. पहाटे सभागृहात थंडी बोचते, तेव्हा जाड मोजे न्यावेत. जे तरुण आणि धडधाकट आहेत त्यांनी बिनदिक्कत जावे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी संध्याकाळचे सहा ते सकाळचे साडेसात या रिकाम्या तासांविषयी आधी डॉक्टरांशी बोलावे. प्रोस्टेटच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उठण्याविषयी. शिक्षकांमध्ये फरक आहे, आणि बाई ज्या आठवड्यात असतील तोच आठवडा निवडावा, हे मी स्पष्टच सांगतो. पाचपैकी साडेतीन गुण देतो. अर्धा गुण कढीचा आहे.

निघताना अभिप्रायाचा कागद देतात. ‘आपला अनुभव’ यासाठी त्यावर पानभर जागा होती आणि ‘सूचना’ यासाठी दोन ओळी, म्हणून मी मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले. गेल्या आठवड्यात मेहुणीसाठी चौकशी करायला फोन केला तेव्हा कार्यालयातल्या मुलाने मला ओळखले. अर्जात चालू औषधांचा रकाना आला आहे, असे त्याने आपणहून सांगितले. यंत्राचे विचारले तर म्हणाला, “काका, नवीन सेल आणलेत, घड्याळाचे वेगळे.” खुर्च्या अजून सहाच आहेत.